मोहरी तीच, तेल वेगळे

प्रस्तावना

‘तिकडचे पाणी त्याला मानवले नाही’ हे वाक्य तुम्ही घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकले असेल. नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन कोणी दूरच्या मुलखात गेले आणि दोन महिन्यांत वाळून परत आले, की मराठी घरात पहिला दोष पाण्याला दिला जातो. माणसे वाईट होती असे कोणी म्हणत नाही, काम झेपले नाही असेही म्हणत नाही. ‘पाणी बाधले’ एवढे म्हटले की सर्वांचे समाधान होते. या एका शब्दात पाण्याबरोबर डाळ, तेल, पीठ आणि चहा हे सारेच सामावलेले असते.

प्रस्तुत पाठ हा एक वैचारिक लेख आहे. परमुलखात गेलेल्या माणसाला तेथील रोजच्या अन्नाशी कसे जुळवून घ्यावे लागते, त्यात नेमके काय अवघड असते आणि काय अनपेक्षितपणे सोपे होते, याचा विचार त्यात केला आहे. लेखाचा प्रारंभ लखनौ शहरातील एका वस्तीपासून होतो आणि तेथून तो पुणे, फिलाडेल्फिया, लंडन असा प्रवास करीत आखाती देशांपर्यंत जातो. वाचताना पदार्थांच्या नावांकडे विशेष लक्ष द्या. भाषेच्या अभ्यासाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहेत.

मूळ पाठ

लखनौ शहराच्या दक्षिणेला रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलीबाग नावाची वस्ती आहे. एका बाजूला लष्कराची छावणी आणि त्याच रस्त्याने पुढे गेल्यास संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय, या दोहोंच्या मध्ये ही वस्ती वाढली. छावणीत सैन्याच्या वैद्यकीय दलाचे केंद्र आहे आणि मध्य कमांडचे मुख्यालयही लखनौतच आहे. साहजिकच देशाच्या सर्व भागांतील कुटुंबांना बदलीच्या निमित्ताने येथे येऊन राहावे लागते. गढवाल-कुमाऊँकडची माणसे, पूर्वांचलातील माणसे, आणि त्यांच्यात सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून आलेली मराठी माणसेही असतात. मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसमध्ये बसले की जवळजवळ एका दिवसात लखनौ येते. परदेशाच्या मानाने हे अंतर काहीच नाही. तरीही सातारा जिल्ह्यातून प्रथमच आलेल्या सुनेला तेलीबागेतील भाड्याच्या घरात पहिल्या दिवशी चूल पेटवताना जे अनुभवावे लागते, त्याचे स्वरूप परदेशात गेलेल्या माणसाच्या अनुभवाहून फारसे निराळे नसते.

लखनौच्या खाद्यसंस्कृतीची कीर्ती मोठी आहे. कबाब, निहारी-कुलचा, शीरमाल, हिवाळ्यातील पहाटे चौकात मिळणारी फेसासारखी हलकी ‘मक्खन मलाई’ यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. या लेखाचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. दोन दिवसांच्या पाहुण्याला वेगळे अन्न म्हणजे चैन वाटते. तो चाखतो, वाहवा करतो आणि घरी परततो. राहायला आलेल्या माणसाची परीक्षा मंगळवारच्या सकाळच्या डब्यात होते. रोजची डाळ, रोजची पोळी आणि रोजचा चहा या तीन गोष्टी जेव्हा वेगळ्या लागतात, तेव्हा आपण परक्या ठिकाणी आहोत हे कळते. सणाचा पदार्थ न आवडला तरी वर्ष निघून जाते. रोजचा पदार्थ आवडला नाही तर मात्र पानात अन्न उरते, वजन उतरते आणि घरात बोलाचालीही होऊ लागते.

पहिला अडसर तेलाचा. वस्तीच्या नावातच तेली आहे. तेथील बहुसंख्य घरांत स्वयंपाक होतो तो सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या तेलात. महाराष्ट्रात शेंगदाण्याचे, करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल वापरणाऱ्या माणसाला या तेलाचा वास पहिल्या दिवशी सहन होत नाही. भाजी परतायला घेतली की डोळे चुरचुरतात, नाकात झणका जातो. शेजारणीने प्रेमाने आणून दिलेली बटाट्याची भाजीही घशाखाली उतरत नाही. ‘नावडतीचे मीठ अळणी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. एकदा तेल नावडते झाले की त्यात शिजलेले सारेच पदार्थ नावडते ठरतात.

आता गंमत पाहा. ज्या मोहरीच्या तेलाने मराठी माणूस एवढा दचकतो, त्या मोहरीवाचून त्याचा एकही दिवस जात नाही. आमटी असो, भाजी असो, कोशिंबीर असो, फोडणीत पहिली उडी मोहरीचीच असते. मग तोच दाणा तेलाच्या रूपाने समोर आला की परका का वाटावा? याचे उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. अखंड मोहरीला वास जवळजवळ नसतो. दाणा फुटून त्यात ओलावा गेला की त्यातील एक विकर कामाला लागते आणि त्यातून तिखट वासाचे द्रव्य तयार होते. आपण मोहरी गरम तेलात टाकतो तेव्हा उष्णतेने ते विकरच निकामी होते. म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही. घाण्यावर थंड स्थितीत काढलेल्या तेलात मात्र तो तिखटपणा शिल्लक राहतो. जुन्या मराठी घरांना हा तिखटपणा अपरिचित नव्हताच. लोणच्यासाठी मोहरी फेसताना ती ‘चढली’ की नाही हे नाकाने ओळखणाऱ्या आज्या आपल्याकडे होत्या. फेसलेल्या मोहरीचा तो झणका आणि सरसोंच्या तेलाचा वास ही एकाच घरातील दोन भावंडे आहेत. ओळख नव्हती असे नाही. ती ओळख लोणच्याच्या बरणीपुरती मर्यादित होती, ती आता कढईत आली एवढेच.

अवधी गृहिणीला हे तेल कसे हाताळावे ते ठाऊक असते. ती तेल थेट वापरत नाही. कढईत ते हलका धूर येईपर्यंत तापवते, रंग थोडा फिका पडला की आच मंद करते आणि मग जिरे-हिंग घालते. नव्याने आलेली मराठी गृहिणी सवयीप्रमाणे तेल जरासे तापताच फोडणी करते, त्यामुळे भाजीला कच्चट वास राहतो. किंवा ती धुरावलेल्या तेलात मोहरी टाकते आणि मोहरी जळून कडू होते. शेजारणीने एकदा जवळ उभे राहून दाखवले की हा प्रश्न पंधरा दिवसांत सुटतो. पुस्तकात वाचून सुटत नाही. माझ्या मते परमुलखातील अन्नाची खरी शिकवणी शेजारच्या ओट्याजवळच होते. ज्या घराचे शेजाऱ्यांकडे जाणे-येणे नसते, त्या घरात वर्षानुवर्षे पार्सलने येणाऱ्या पिठांवर आणि मसाल्यांवर दिवस काढले जातात.

पाठगत प्रश्न १
(अ) फोडणीत तडतडलेली मोहरी झोंबत नाही, पण मोहरीचे तेल झोंबते. याचे कारण तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) ‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण लेखकाने कोणत्या संदर्भात वापरली आहे?

दुसरा अडसर नावांचा. तेलीबागेच्या बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या मराठी माणसाला वाटते, की हिंदी आपल्याला समजते, लिपीही एकच आहे, मग अडचण कसली? पण उत्तरेत अनेक ठिकाणी ‘सीताफल’ म्हटले की विक्रेता लाल भोपळा कापून देतो. आपण ज्याला सीताफळ म्हणतो, ते तेथे ‘शरीफा’ असते. ‘परवल’ ऐकून पडवळ डोळ्यांसमोर आणावे, तर टोपलीत बोटाएवढी गुबगुबीत हिरवी फळे दिसतात. दोन्ही वेली एका कुळातल्या खऱ्या, पण भाजी वेगळी. ‘सोया’ची जुडी मागितली तर सोयाबीनशी काहीही संबंध नसलेला शेपू हातात पडतो. ‘शीरा’ म्हणजे तेथे साखरेचा किंवा गुळाचा पाक. आपल्या शिऱ्याला ‘हलवा’ म्हणावे लागते. उपवासाच्या दिवशी दाण्याचे ‘कूट’ मागणाऱ्याला दुकानदार ‘कुट्टू’चे पीठ पुढे करण्याची शक्यताही आहे. आपला राजगिरा तेथे ‘रामदाना’ या सुंदर नावाने मिळतो आणि वरईला ‘समा’ म्हणतात. चुरमुरे ‘लइया’ होतात.

ही यादी वाढवता येईल. परंतु तिच्यातून दिसणारी एक गोष्ट अधिक मोलाची आहे. परकी वाटणारी वस्तू पुष्कळदा आपलीच, पण दुसऱ्या नावाने वावरणारी असते. हिवाळ्यात तेलीबागेच्या बाजारात ‘बथुआ’चे ढीग लागतात. मराठी माणूस त्याकडे कुठलीतरी उत्तरेची पालेभाजी म्हणून पाहतो आणि पुढे जातो. एखाद्या दिवशी पान हातात घेऊन निरखले, की तो चमकतो. हे तर चाकवत! महाराष्ट्रात त्याची ताक घालून पातळ भाजी होते. अवधात त्याचे रायते होते, पराठे होतात, आणि उडदाच्या डाळीत पालेभाजी शिजवून ‘सगपहिता’ नावाचा जो पदार्थ केला जातो, त्यातही बथुआ घालतात. पालेभाजी आणि डाळ एकत्र शिजवणे मराठी घराला नवे नाही. डाळमेथी आणि पातळ भाजी खाऊन वाढलेल्या माणसाला सगपहिता परका वाटण्याचे काही कारण नाही. फक्त ते नाव उच्चारायला थोडे दिवस लागतात.

मसाल्यांच्या बाबतीत असाच एक सुखद धक्का बसतो. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो. लखनौला हे कुठून मिळणार, या काळजीने अनेक घरांतून पुड्या बांधून दिल्या जातात. प्रत्यक्षात लखनौच्या मसालेवाल्याकडे ‘पत्थर के फूल’ या नावाने तेच दगडफूल पडलेले असते, कारण तेथील निहारीच्या मसाल्यातही ते लागते. नावसुद्धा शब्दशः तेच. एकीकडे ब्राह्मणी पद्धतीची चिंचगुळाची आमटी आणि दुसरीकडे रात्रभर शिजणारी मांसाची निहारी, या दोन टोकांच्या पदार्थांना एकच सुगंध जोडतो, हे कोणाला सांगून खरे वाटणार नाही.

आमसूल मात्र मिळत नाही. त्याच्या जागी अमचूर येतो. आंबटपणा भागतो, पण कोकणातल्या माणसाची सोलकढी अमचुराने होत नाही. ज्वारीचे पीठही सहज हाती लागत नाही. हिवाळ्यात बाजरी आणि मका मिळतो, त्यावर भाकरीची हौस भागवावी लागते. सर्वच गोष्टींना पर्याय असतो असे समजण्याचे कारण नाही. काही वस्तू खरोखरच गावी राहतात.

आता पाण्याकडे येऊ, कारण प्रारंभी त्याच्यावर ठपका ठेवला होता. तूरडाळ महाराष्ट्रात जेवढी आवडीची, तेवढीच अवधात. तेथे तिला ‘अरहर’ म्हणतात. डाळ एकच असूनही नव्या घरात ती लवकर शिजत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. या तक्रारीत तथ्य असते. गंगेच्या खोऱ्यातील भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार पुष्कळ असतात. कूपनलिकेच्या अशा जड पाण्यात डाळीच्या दाण्याचे आवरण व पेशींमधील बंध सहजासहजी सुटत नाहीत, त्यामुळे दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. एखाद्या ठिकाणी ‘डाळ शिजत नाही’ हा मराठी वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा ठरतो. डाळ रात्रभर भिजत घालणे आणि शक्य असल्यास शुद्ध केलेले पाणी वापरणे, हा उपाय तेथील लोक करतात. मीठ, आंबट व गूळ हे डाळ शिजल्यावरच घालावेत, ही आपल्या आज्यांची शिस्तही अशा वेळी उपयोगी पडते, कारण आंबट पदार्थाने डाळ आणखी घट्ट राहते.

चवीचा फरक यानंतर सुरू होतो. मराठी वरणात हिंग, हळद आणि वर तूप. आमटीत गोडा मसाला, आंबट आणि गुळाचा खडा. अवधी डाळीत जिरे, लसूण व सुक्या मिरचीचा तुपातला ‘बघार’ आणि उन्हाळ्यात कैरीची फोड. गूळ नाही. पुण्यात शिकायला आलेल्या लखनौच्या विद्यार्थ्याला खानावळीतील गोडसर आमटी पाहून नेमका उलटा धक्का बसतो. डाळीत गूळ घालणारी माणसे त्याला विचित्र वाटतात. तोही दुकानोदुकानी सरसोंचे तेल शोधत फिरतो, आणि त्याच्या आईलाही काळजी वाटते, की मुलगा वाळत चालला आहे. परका कोण हे ताटाच्या कोणत्या बाजूला आपण बसलो आहोत त्यावर ठरते.

शरीराचे काय? जिभेवरील स्वादकलिकांतील पेशी साधारणतः दहा दिवसांत बदलत असतात. पण सवय ही केवळ जिभेवर नसते. लहान मुलांना नवा पदार्थ पसंत पडण्यासाठी तो आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा चाखावा लागतो, असे आहारशास्त्राचे अभ्यासक सांगतात. मोठ्या माणसांना तेवढा धीर नसतो. एकदा खाऊन ‘हे आपले नव्हे’ असा निकाल ते देऊन टाकतात. म्हणून तेलीबागेसारख्या वस्तीत वाढणारी मराठी मुले सहा महिन्यांत सरसोंच्या तेलातले पराठे मागू लागतात आणि त्यांची आजी मात्र मेतकूट-भातावर राहते. एकाच घरात दोन स्वयंपाक होऊ लागतात. या परिस्थितीत घरच्या बाईचे श्रम दुप्पट होतात, आणि जुळवून घेण्याच्या गोष्टी सांगताना याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही.

चहाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. लखनौचा चहा दुधात आटवलेला, आल्याचा, मातीच्या कुल्हडातून मिळणारा. हिवाळ्यात जुन्या शहरात गुलाबी रंगाचा काश्मिरी चहाही मिळतो. गवती चहा घातलेल्या आपल्या पातळ चहाची सवय असलेल्या माणसाला तो जड वाटतो, पण पहिल्या आठवड्यातच तो जवळचा होतो. जुळवून घेण्यास सर्वांत सोपी गोष्ट कोणती असे विचारले, तर चहा हेच उत्तर येईल. आणि तरी याच चहाने एके काळी सबंध पुणे शहर ढवळून काढले होते.

१८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांचा त्यांत समावेश होता. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे समोर आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आली आणि मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. रानड्यांनी ते घेतले, आणि टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. आज हे वाचताना हसू येते. परंतु पेयाचा एक घोट माणसाला समाजाबाहेर ढकलू शकत होता, हे लक्षात घेतले नाही तर त्या काळी समुद्र ओलांडून जाणाऱ्यांच्या मनःस्थितीची कल्पना येणार नाही.

ही नावे वृत्तपत्रात छापून आणणारे गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी. त्यांचीच पत्नी आनंदीबाई सात वर्षांपूर्वी, १८८३ साली, वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेली होती. निघण्यापूर्वी त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील महाविद्यालयात तिने भाषण केले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही जमलेल्या लोकांना दिली. (हे श्रीरामपूर बंगालमधील, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील नव्हे.) त्या वेळी तिचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. न्यूजर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाने तिला मुलीप्रमाणे सांभाळले. पण फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना थंडी, अभ्यासाचा ताण आणि अपरिचित आहार या तिन्ही गोष्टींना तिला तोंड द्यावे लागले. शाकाहाराचा नियम तिने सोडला नाही. थंडीसाठी नऊवारी नेसण्याची पद्धत तिने बदलली, आहाराच्या बाबतीत मात्र तशी मोकळीक तिला नव्हती. दिलेल्या वचनाचे ओझे तिच्या ताटावरही होते.

मार्च १८८६ मध्ये ती वैद्यकीय पदवीधर झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती परत आली तेव्हा तिला क्षयाने ग्रासले होते, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. एकविसाव्या वर्षी. तिच्या मृत्यूचा दोष केवळ आहारावर ठेवणे योग्य होणार नाही. क्षयावर त्या काळी औषधच नव्हते. पण खालावलेल्या शरीराला पोषणाची गरज असताना ताटात काय असावे याचा निर्णय शरीराने न घेता गावाकडच्या समाजाच्या नजरेने घ्यावा, ही गोष्ट मन अस्वस्थ करणारी आहे. तेलीबागेतील गृहिणीला तेल बदलण्याचे स्वातंत्र्य आहे. आनंदीबाईला ते नव्हते.

आनंदीबाईनंतर पाच वर्षांनी, १८८८ साली, मोहनदास गांधी लंडनला पोहोचले. मांस न खाण्याचे वचन त्यांनी आईला दिलेले होते. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या भाज्या आणि पाव यांवर त्यांचे पोट भरेना. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा त्यांना झालेला आनंद ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत वाचायला मिळतो. तेथेच शाकाहारावरील एक पुस्तक त्यांनी विकत घेतले. आईला दिलेला शब्द आता त्यांचा स्वतःचा विचार झाला. यानंतर घडलेली गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. घरून आलेल्या मिठाया आणि मसाले त्यांनी बंद केले, आणि जो उकडलेला पालक पूर्वी बेचव लागत होता तोच त्यांना रुचू लागला. चवीचे खरे ठिकाण जीभ नसून मन आहे, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. आहारशास्त्राचा अभ्यासक जिभेलाही थोडा वाटा देईल. कमी मीठ खाण्याची सवय काही आठवड्यांत जडते, हे आता ठाऊक झाले आहे.

पाठगत प्रश्न २
(अ) ‘दिलेल्या वचनाचे ओझे तिच्या ताटावरही होते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) आनंदीबाई व गांधीजी या दोघांच्याही आहारावर वचनाचे बंधन होते. दोघांच्या अनुभवात कोणता फरक दिसतो?

आजचा प्रवासी अशा बंधनात क्वचितच असतो. प्रेशर कुकर, लोणच्याची बरणी आणि मेतकुटाचा डबा घेऊन तो विमानात चढतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत उतरताना बरोबरचे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात आणि बियाणे, ताजी फळे यांना मज्जाव असतो, एवढी माहिती त्याला आधी असली म्हणजे झाले. मोठ्या शहरांत भारतीय किराणा दुकाने आहेत. या सुखसोयी त्याला नको तितक्या उपयोगी पडतात, असेही कधी कधी वाटते. कारण गावातील वस्तू हाताशी असली की समोरच्या बाजारातील बथुआ उचलून पाहण्याची इच्छाच होत नाही.

याला अपवाद आखाती देशांत काम करणाऱ्या माणसांचा. लखनौच्या विमानतळावरून तिकडे जाणाऱ्यांत अवधातील कारागीर आणि मजूर मोठ्या संख्येने असतात, तसे मुंबईहून रत्नागिरी-रायगडचे लोक कित्येक वर्षे जात आले आहेत. कुटुंब बरोबर नसते. एका खोलीत चार-सहा जण राहतात आणि स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या असतात. रोज पोळ्या लाटायला वेळ नसतो, म्हणून बाजारातला ‘खुबूस’ नावाचा गोल पाव आणला जातो आणि डाळीबरोबर खाल्ला जातो. तो खुबूस अवधी माणसाच्या घरचा नसतो आणि कोकणातल्या माणसाच्या घरचाही नसतो. डाळ मात्र पाळीप्रमाणे बदलते. कोकणातल्याची पाळी असेल त्या दिवशी तीत आमसूल पडते, लखनौकराच्या दिवशी जिऱ्या-लसणाचा बघार. पहिले काही आठवडे एकमेकांच्या डाळीला नावे ठेवण्यात जातात. मग कोणीतरी आजारी पडतो आणि ज्याच्या हातचे नको म्हणत होता त्याच्याच हातची पातळ खिचडी दोन दिवस खातो. तेलाचा वाद तेवढा मिटत नाही. सरसोंचे आणू म्हटले की एकाचे डोळे चुरचुरतात, खोबरेल आणू म्हटले की दुसरा केसांवरून हात फिरवून हसतो. अखेरीस दुकानातून मक्याच्या तेलाचा डबा येतो. ते दोघांपैकी कोणाच्याच घरी वापरलेले नसते.

शब्दार्थ
विकर : शरीरात किंवा वनस्पतीत रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. ग्रामण्य : जातीचे नियम मोडल्याबद्दल होणारा वाद व बहिष्कार. मोहरी फेसणे : मोहरी पाण्याबरोबर वाटून, घोटून तिखट करणे. बघार : फोडणी.

पाठान्त प्रश्न
१. दोन दिवसांचा पाहुणा आणि राहायला आलेला माणूस यांच्या अन्नविषयक अनुभवातील फरक लेखकाने कसा स्पष्ट केला आहे?
२. ‘परकी वाटणारी वस्तू पुष्कळदा आपलीच, पण दुसऱ्या नावाने वावरणारी असते.’ पाठातील दोन उदाहरणे देऊन हे विधान पटवून द्या.
३. पुण्यात १८९० साली चहावरून उद्भवलेल्या वादाची माहिती सात-आठ ओळींत लिहा.
४. ‘डाळ शिजणे’, ‘पाणी बाधणे’, ‘नावे ठेवणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या परिसरात दुसऱ्या प्रांतातून राहायला आलेल्या एखाद्या कुटुंबाला भेटा. त्यांच्या स्वयंपाकघरातील पाच वस्तूंची त्यांच्या भाषेतील नावे विचारून घ्या, त्यांना मराठीत काय म्हणतात ते शोधा आणि त्यांतील कोणती वस्तू त्यांना येथे मिळत नाही, तिच्याजागी ते काय वापरतात, याची नोंद करा.